उजवीकडं फिरला तर हो

भूकंपापासून आई दर कोजागिरीला तुळजापूरला चालत जायची. त्या वर्षी तिनं मलाही सोबत घेतलं. माझ्या रूमचं काय करायचं ते देवीला विचारायचं आहे, असं घरात सगळे म्हणत होते.

मी अकरावीला लातूरला होते आणि औशाहून एसटीनं जायचे. क्लास पहाटे भरायचा, पहिली एसटी उजाडल्यावर सुटायची. त्यामुळे निम्मं फिजिक्स मी बसस्टँडवरच चुकवायचे. वडिलांनी दिवाळीनंतरसाठी लातूरला एक रूम बघून ठेवली होती. ती तिसऱ्या मजल्यावर होती आणि तिथंच घोडं अडलं.

भूकंपात आमच्या घराची एक भिंत पडली, माणसं वाचली. आईच्या माहेरी कुणी वाचलं नाही. तेव्हापासून ती छताखाली झोपली नव्हती. वडिलांनी पुढं स्लॅबचं घर बांधलं. आई त्यात स्वयंपाक करायची, पाहुण्यांना चहा द्यायची आणि झोपायला अंगणातल्या बाजेवर जायची. पावसाळ्यात वर ताडपत्री. अशा बाईच्या पोरीला तिसऱ्या मजल्यावर झोपायचं होतं. वडील मास्तर होते, शाळा त्यांना टरकून असायची. घरी ते म्हणाले, "तुझ्या आईला पटू दे, मग बघू."

सोबत शेजारच्या किराणा दुकानवाल्या काकू होत्या. गिऱ्हाइकाला तूरडाळीतला फरक सांगावा तसा त्यांनी मला वाटेत चिंतामणी समजावला. "देवळात गोल दगड हाय. दोन्ही हात ठिवायचे आन् मनात इचारायचं. उजवीकडं फिरला तर हो, डावीकडं फिरला तर न्हाई. हललाच न्हाई तर सबुरीनं घ्यायचं."

"आपोआप फिरतो?"

"मग काय तू फिरवतीस?"

तोवर मला ही कल्पना सुचली नव्हती.

उन्हानं डांबर तापलं होतं. सगळे अनवाणी, म्हणून सगळे कडेच्या गवतातून चालत होते, आणि गवतात काटे होते. देवीनं दोन्हीकडून सोय केली होती. मी पाय उचलत होते आणि डोक्यात बेत जुळवत होते. आईच्या हाताखाली आपला हात सरकवायचा आणि जरासा उजवीकडं रेटा द्यायचा. यात देवीला फसवायचं काही नव्हतं, फक्त आईच्या हाताला वळण लावायचं होतं.

दुपारी लातूरच्या एका क्लासवाल्यांचा मंडप लागला. चालणाऱ्यांना फुकट केळी वाटत होते. बोर्डावर देवीचा फोटो लहान होता आणि पहिल्या आलेल्या पोरीचा मोठा. आईनं दोघींना हात जोडले. मग त्या पोरीकडं बघतच राहिली.

"ही बी रूमवर ऱ्हायली आसंल का गं?"

"मग! लोकायची पोरं ऱ्हात्यात की," काकू म्हणाल्या.

आईनं केळं सोलून मला दिलं. विषय तिथंच संपला म्हणून मला राग आला होता, पण केळं खाल्लं.

दुसऱ्या दिवशी तुळजापुरात पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. चिंतामणीपुढं ही रांग. आमची पाळी आली, आईनं दगडावर हात ठेवले आणि डोळे मिटले. मी हळूच माझा हात पुढं केला.

"तू लांब हो," ती डोळे न उघडता म्हणाली.

मी लांब झाले. आईचे ओठ हलत होते. दगड हलला नाही. मला पुढची दोन वर्षं बसस्टँडवर दिसायला लागली.

आईनं हात काढले. मी तिथंच तोंड सोडलं. "सबुरी म्हणजे काय? बारावीपर्यंत एसटीनंच जाऊ का?"

"तुझं कुठं इचारलं?" आई म्हणाली. "तुझं ठरलंय की. तुझी गादी बी शिवून ठिवलीय."

"मग काय विचारलंस?"

तिनं पदरानं हात पुसले. "तुला सोडाया येईन, तवा एक रात तुझ्याजवळ वर झोपावं म्हणलं. झोपवंल का मला, त्ये इचारलं."

मला रडूच आलं. "परत विचार," मी तिचा हात धरून म्हणाले. "मी पण हात लावते."

"एका येळंला एकदाच इचारत्यात," आई म्हणाली, आणि मागच्या बाईला जागा करून दिली.