खुब्याची टोपी

मी गुलबर्ग्याच्या एका दवाखान्यात ऑपरेशन थिएटरची सिस्टर होते. माझ्या वडिलांचं, अप्पांचं, चिटगुप्प्याला कापडाचं दुकान होतं. पन्नाशीतच त्यांचा उजवा खुबा झिजला. गादीवरून उठवायला दोघं लागायची. आमच्या सर्जननी त्या वेळी नवीच असलेली शस्त्रक्रिया सुचवली. हाड कापून टाकायचं नाही. मांडीच्या हाडाचं डोकं गोल घासायचं, त्यावर धातूची टोपी बसवायची आणि समोरच्या खळग्यात वाटी.

अप्पांनी मला एकच विचारलं, "मांडी घालता यील का?"

आम्ही लिंगायत. अप्पा रोज सकाळी जमिनीवर मांडी घालून, डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा करत. आमच्यात मेलेल्याला जाळत नाहीत. तसंच, मांडी घालून, बसवून पुरतात.

सर्जननी मला आदल्याच दिवशी बजावलं होतं, जमिनीवर बसायचं नाही, टोपी सैल होईल.

"यील," मी म्हटलं. "सहा महिने जाऊ द्या."

खरं सांगितलं असतं तर त्यांनी सही केली नसती. ऑपरेशनला हत्यारं मीच हातात दिली. चांगलं झालं. अप्पा काठीशिवाय बाजारात फिरू लागले. पूजा स्टुलावर, दुकानात खुर्ची. गिऱ्हाईकं म्हणत, "अप्पा, फौजदार झालाव का काय?" अप्पा हसत नसत.

मी गावी गेले की ते विचारत. मी काहीतरी कारण सांगे. तिसऱ्या वर्षी म्हणाले, "तुज्या दवाखान्यात सहा महिने किती वर्साचे असतेत ग?" मग स्वतःच म्हणाले, "ऱ्हाऊ दे. कळलंय मला. शेवटी तरी बसवताव का न्हाई?"

"बसवू," मी म्हटलं. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

नवव्या वर्षी सकाळी दुकान उघडतानाच ते गेले. मी बसनं पोचले तोवर दुपार झाली होती. भिंतीला टेकवून बसवलं होतं. डावा पाय दुमडला होता. उजवा गुडघा वरच राहिला होता. दोघं दाबत होते, पण भीतभीत.

"मोडल बरं का," काका म्हणाले. "लांबच ठिवू तो पाय."

"न्हाई. सरका," मी म्हटलं.

पदर खोचला आणि खाली बसले. टोपी कुठल्या बाजूनं निसटते ते मला माहीत होतं. निसटू नये म्हणून काय करायचं नाही, हे मीच त्यांना नऊ वर्षं सांगत आले होते. आता तेच केलं. गुडघा वर घेतला, आत वळवला आणि अंगाचा भार टाकला. खट् झालं. पाय सैल पडला. तो मी दुसऱ्या पायावर आणून ठेवला.

बाहेरून आत्यानं विचारलं, "कसला आवाज ग?"

"काही न्हाई. बसले अप्पा."

जंगमांनी, आमच्या पुरोहितांनी, डाव्या हातात लिंग दिलं. पुढचं सगळं रीतसर झालं.

रजा संपवून कामावर गेले. सर्जन टोपी बसवलेल्या सगळ्यांची नोंद ठेवत. त्यांनी वही काढली.

"टोपी सैल झाली होती?"

"नाही सर."

"कधी जमिनीवर मांडी घालून बसले होते?"

"एकदाच," मी म्हटलं.