आईचा फेवरेट

माझ्या आईचं सर्वांत लाडकं मूल कोण, हे ठरवण्यात आम्ही तिघा भावंडांनी मागच्या वर्षी एक अख्खा रविवार घालवला, आणि हा मान दुसऱ्याला मिळावा म्हणून प्रत्येकाने जिवाचं रान केलं.

एरवी हे उलटं असतं. आमच्याही घरी पन्नास वर्षं उलटंच होतं. 'फेवरेट' हा शब्द आमच्या फणसवाडीतल्या दोन खोल्यांत पहिल्यांदा आणला तो दादाने. तो तेव्हा सातवीत होता आणि इंग्रजीच्या बाईंनी 'माय फेवरेट हॉबी' असा निबंध लिहायला सांगितला होता. दादाला हॉबी नव्हती (अजूनही नाही), त्यामुळे निबंध झाला नाही, पण शब्द तेवढा घरी आला. जेवायला बसल्यावर आईने त्याच्या ताटात सुरमईची मधली तुकडी वाढली, तेव्हा तो माझ्याकडे बघून म्हणाला, "पक्या, मी आईचा फेवरेट आहे."

मला अर्थ कळला नाही. तुकडी मात्र दिसत होती.

मी पुढे इंग्रजीचा प्राध्यापक कसा झालो असं लोक विचारतात. मी भाषेची ओढ वगैरे सांगतो. खरं म्हणजे त्या दिवशी माझ्या ताटात शेपटीकडचा तुकडा होता आणि तो का होता हे मला शब्दकोशात शोधायचं होतं. धाकटी नंदू तर त्या शब्दापायी आजारी पडायला शिकली. कपाळ गरम करायची तिची एक पद्धत होती, त्यात इस्त्रीवाल्याकडून नुकताच आलेला शर्ट लागायचा. आई रात्रभर उशाशी बसली की सकाळी नंदू आम्हाला विचारायची, "आता कोण फेवरेट?"

तर अशी आम्ही तिघं. आणि मागच्या वर्षी चाळीच्या जिन्याखालच्या फळ्यावर नोटीस लागली. इमारत पाडून नवी होणार, दोन महिन्यांत खोल्या रिकाम्या करा, तीन वर्षांनी नव्या घराची किल्ली घ्या. (गिरगावात तीन वर्षं म्हणजे किती, हे लहान पोरांनाही माहीत आहे.) बाबा जाऊन बारा वर्षं झाली होती. आई ब्याऐंशीची, एकटी राहणारी. ती आता कुठे राहणार, हा प्रश्न आमच्या फॅमिली ग्रुपवर पडला आणि ग्रुप दोन दिवस असा शांत झाला की मला वाटलं माझं नेट गेलं.

तिसऱ्या दिवशी दादाने लिहिलं, "आईला जिथे आवडेल तिथे तिने राहावं." त्यावर नंदूने अंगठा दिला, मी हात जोडले. म्हणजे तिघांनीही 'माझ्याकडे नको' असं लेखी कळवलं.

कारणं प्रत्येकाकडे होती. दादाच्या माटुंग्याच्या इमारतीची लिफ्ट बंद होती. नंदूने दादरच्या घरात दोन मांजरी पाळल्या होत्या आणि आईला मांजरांची अ‍ॅलर्जी आहे असा शोध तिने त्याच आठवड्यात लावला होता. माझं लालबागचं घर एकोणिसाव्या मजल्यावर, लिफ्ट तीन, मांजर शून्य. पण दुसऱ्या खोलीत माझी पुस्तकं होती. निवृत्तीनंतर मी तिथे बसून शब्दांवर काहीतरी मोठं काम करणार होतो. चार वर्षं बसतही होतो. काम सुरू व्हायचं होतं.

रविवारी सगळे फणसवाडीत जमलो. वहिनी आल्या नाहीत, नंदूचा नवरा आला नाही, माझी बायको सुधा तेवढी आली आणि आल्या आल्या आत आईबरोबर दडपे पोहे करायला लागली. बाहेरच्या खोलीत आम्ही तिघं, मध्ये बाबांची खुर्ची रिकामी.

"मला वाटतं," नंदूने सुरुवात केली, "आईला दादाकडे करमेल. दादा तिचा पहिल्यापासून फेवरेट."

"मी?" दादा दचकला. "काहीतरीच काय. फेवरेट पक्या. कॉलेजात लागला तेव्हा हिने अख्ख्या चाळीला पेढे वाटले. मी नोकरीला लागलो तेव्हा साखर ठेवली हातावर."

"तेव्हा साखर रेशनवर होती," मी म्हणालो. "त्यातून काढून ठेवली, म्हणजे बघ."

"आणि नंदूच्या उशाशी रात्र रात्र बसायची ते?"

"मी आजारी असायची, दादा."

"तू शर्ट लावायचीस कपाळाला."

हे पन्नास वर्षांपूर्वीचं गुपित दादाने इतक्या सहज फोडलं की नंदूचा हात नकळत कपाळाला गेला. आता निकाल लावायला एखाद्या जाणकाराची गरज होती, आणि खोलीत जाणकार एकच होता. मी घसा साफ केला. बत्तीस वर्षं वर्गात घसा साफ केल्यावर मुलं खिडकीबाहेर बघायला लागायची. दादाही बघायला लागला.

"मुळात फेवरेट म्हणजे काय, हे आधी समजून घेऊ," मी म्हणालो. "हा शब्द इटालियनमधून फ्रेंचमध्ये आणि तिथून इंग्रजीत आला. तेव्हा त्याचा अर्थ आवडतं आइस्क्रीम किंवा आवडता रंग असा नव्हता. फेवरेट म्हणजे राजाच्या मर्जीतला माणूस. राजा सगळा कारभार त्याच्यावर सोपवायचा आणि स्वतः शिकारीला जायचा. शब्दात कौतुक कमी, शिवी जास्त."

"शिवी?" नंदू म्हणाली.

"कारण कारभार बिघडला की लोक राजाला बोलू शकत नसत. मग फेवरेटचं मुंडकं जायचं. थोडक्यात, फेवरेट म्हणजे ज्याने सगळ्यात जास्त लाड खाल्ले तो, आणि वेळ आल्यावर जबाबदारी ज्याच्या मानेवर पडते तो." मी दादाच्या ताटातल्या सुरमईचं नाव न घेता दादाकडे बघितलं.

दादा तीस वर्षं महालक्ष्मीच्या एका ऑफिसात होता. खिडकीतून त्याला रेसचं मैदान दिसायचं. तो शांतपणे म्हणाला, "आमच्याकडे फेवरेट म्हणजे ज्याच्यावर सगळे पैसे लावतात तो घोडा. आणि ऑफिसातल्या निम्म्या लोकांना त्या घोड्याने रस्त्यावर आणलं. पेढे वाटले तुझ्यावर. तू पळ आता."

"घोड्याचा अर्थ नंतरचा आहे," मी म्हणालो.

"मी पण आजच्याबद्दलच बोलतोय."

"आईचा बोजा बोजा काय चालवलंय दोघांनी," नंदू म्हणाली. खरं तर बोजा हा शब्द तोपर्यंत कोणी उच्चारला नव्हता. तो उच्चारला गेला आणि त्याच वेळी आई पोह्यांच्या बशा घेऊन दारात उभी होती.

तिने बशा खाली ठेवल्या. बाबांच्या खुर्चीत बसली. "चालू दे," म्हणाली. "पक्या, कुठून आला म्हणालास तो शब्द?"

मला वाटलं तिने शेवटचं वाक्य ऐकलं नाही. ते खरं असावं म्हणून मी भराभर बोलत सुटलो. "फार जुना आहे, आई. मुळाशी लॅटिन. मूळ अर्थ कृपा करणं. रोममध्ये पूजा सुरू होताना पुरोहित लोकांना सांगायचा, जिभेने कृपा करा. म्हणजे काही वेडंवाकडं बोलू नका, गप्प राहा."

"एवढा चांगला अर्थ होता," आई म्हणाली, "तर मध्येच कशाला सोडला?"

सुधा आतून लिंबाच्या फोडी घेऊन आली आणि कोणाकडेही न बघता आईशेजारी स्टुलावर बसली. पोहे खाण्याचा आवाज तेवढा राहिला. तो सहन न होऊन नंदूने आईचा फोन उचलला आणि हसत हसत म्हणाली, "इतिहास पुरे. हल्ली फोनमध्येच असतं फेवरेट, चांदणी लावून. आईच्या फोनमध्ये बघू या कोण आहे ते. वाद मिटेल."

मी हे थांबवायला हवं होतं. पण मला त्या यादीत माझं नाव बघायचं होतं. हो, त्या क्षणी, पुस्तकांची खोली वगैरे सगळं विसरून, मला ते बघायचं होतं. दादाही चष्मा लावून पुढे सरकला.

यादीत तीन नावं होती. कमल. सुधा. डॉक्टर.

कमल म्हणजे शेजारच्या खोलीतल्या कमलमावशी. डॉक्टर म्हणजे डॉक्टर. नंदूने यादी खाली सरकवून बघितली. खाली काही नव्हतं.

"आई, हे कोणी करून दिलं तुला?" दादाने विचारलं. आवाज असा, की कोणीतरी फसवणूक केली आहे आणि तो आता तक्रार करणार आहे.

"कमलच्या नातीने शिकवलं. मीच केलं मग."

"पण आम्ही तिघं नाही यात," नंदू म्हणाली.

"त्यात फोन लावला की उचलणारी माणसं ठेवायची असतात ना?" आई म्हणाली. ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं. "गणपतीच्या आधी मोरीत पडले तेव्हा आधी तुम्हालाच लावला. पक्याला तीनदा लावला. दादाचा 'नंतर फोन करतो' असा मेसेज आला. नंदूचा वाजत राहिला. मग सुधाला लावला, ती टॅक्सी करून आली. कमलने तोवर उचलून बसवलं होतं."

मला तो दिवस आठवला. 'आई' हे नाव स्क्रीनवर तीनदा आलं होतं. मी टीव्हीवर मॅच बघत होतो आणि मला वाटलं होतं, रिचार्ज संपत आला असेल.

"तू मला सांगितलं नाहीस," मी सुधाला म्हणालो. हळू म्हणालो, पण ती खोली दहा बाय बाराची आहे.

"सांगितलं होतं," सुधा म्हणाली. "तू म्हणालास, आता बरी आहे ना, मग झालं."

मी असं म्हणालो होतो. अगदी ह्याच शब्दांत.

मग सुधाने बशी खाली ठेवली आणि आईला म्हणाली, "आई, तुम्ही आमच्याकडे चला. त्याची पुस्तकं रद्दीत जातील, नाहीतर तो जाईल." दादा आणि नंदू यांनी इतक्या जोरात माना हलवल्या की मला त्यांचा राग आला. खरं तर राग यायचं कारण वेगळं होतं. सुधाने जे दोन सेकंदांत म्हटलं ते मला इतक्या दिवसांत म्हणता आलं नव्हतं.

आईने सुधाच्या हातावर हात ठेवला. "नाही गं. तुझ्याकडे आले तर माझं सगळं तुलाच करावं लागेल. हा काय करणार आहे? मग वर्षभरात तू पण फोन उचलायची बंद होशील. तेवढं एक माणूस मला राहू दे."

"मग तू राहणार कुठे?" दादाने विचारलं.

"भायखळ्याला. कमलने आणि मी मिळून एक खोली घेतली आहे, तळमजल्याला. भाजीबाजार दोन मिनिटांवर. बिल्डर भाडं देतोय दोघींचं. मागच्या सोमवारी सही करून आलो आम्ही."

मागच्या सोमवारी. म्हणजे आम्ही ज्या रविवारी एकमेकांना लाडकं ठरवत होतो, त्याच्या सहा दिवस आधी निकाल लागलेला होता आणि आम्ही तिघंही त्यात नव्हतो.

या वेळी कोणीतरी म्हणायला हवं होतं, "काहीतरीच काय आई, तीन मुलं असताना भाड्याच्या खोलीत?" वाक्य तयार होतं, आम्हा तिघांनाही पाठ होतं. पण त्याआधी आमच्या तिघांच्याही खांद्यांवरून काहीतरी उतरलं. मी दादाचे खांदे उतरताना बघितले, नंदूने माझे बघितले असतील. आईने सगळ्यांचेच बघितले. मग दादा म्हणाला, "तळमजला आहे ते बरं." नंदू म्हणाली, "बाजार जवळ म्हणजे सोयच." मी पोह्यांवर लिंबाची आणखी एक फोड पिळली.

आई उठली आणि बशा गोळा करायला लागली. माझ्या बशीत पोहे उरले होते. "संपव," म्हणाली. "टाकायचे नाहीत."

आई भायखळ्याला गेली त्याला आता वर्ष झालं. सुधा दर गुरुवारी जाते. पहिले काही महिने मी जाण्याचं टाळलं, कामाचं निमित्त होतं. मग मागच्या महिन्यात एकटाच गेलो. जाताना सुरमई घ्यावी असं मनात आलं, पण ती घेऊन आईसमोर उभं राहायचं धैर्य झालं नाही, म्हणून केळी घेतली. वाटेत काय बोलायचं ते ठरवलं होतं. चांगलं होतं. थोडं लांबलं असतं, पण चांगलं होतं.

दार कमलमावशींनी उघडलं. त्यांना मोतीबिंदू झाला आहे. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, पिशवी बघितली आणि आत वळून आईला आवाज दिला.

"अगो, ऐकलंस का? सुधाचा नवरा आलाय."

आतून आईचा आवाज आला, "एकटाच? बरं, बसायला सांग."

मी बसलो. साठी उलटल्यावर, स्वतःच्या आईच्या घरात, बायकोच्या वशिल्याने.