विषुववृत्तावर कुडकुडलो!

दुबईकरांनो, आजची फजिती तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाहीये!

आम्ही मायलेकी सुट्टीत इक्वेडोरच्या राजधानीत, किटोला आलोय. शहर विषुववृत्तावर, म्हणजे ऊन भाजून काढणार, असा माझा अस्सल दुबईच्या अल कुसैसवाला हिशोब. त्यामुळे बारा वर्षांच्या झोयाला पहाटेच उठवलं. "यल्ला, चल बेटा, ऊन चढायच्या आत फिरून येऊ." अंगात पातळ कुर्ते, हातात छत्री आणि बर्फाच्या पाण्याची बाटली.

बाहेर पडलो आणि दातावर दात वाजायला लागले! शहर डोंगरात इतकं उंचावर, की दहा पावलांत मला धाप लागली.

"मम्मा, इट्स फ्रीझिंग!" झोया ओरडली.

चौकात एक आजी मक्याचं गरमागरम पेय विकत होत्या. दूध, दालचिनी, चव थेट आपल्या खिरीसारखी! आमची छत्री आणि बर्फाची बाटली बघून त्या पोट धरून हसल्या. मग स्वतःची शाल काढून झोयाच्या खांद्यावर टाकली आणि खुणेनं सांगितलं, फिरून या, मग परत द्या.

चार तास चाललो! उभे चढ, रंगीत बाल्कन्या, बेकऱ्यांचा वास. परत निघालो तर माझा फोन बंद पडलेला.

"फॉलो मी," झोया म्हणाली, आणि एकही गल्ली न चुकता तिनं मला आजींसमोर उभं केलं. शाल तिनंच परत दिली.

घरी ही मुलगी लिफ्टमधून पार्किंगमध्ये जाते आणि गाडीतून शाळेत. आमच्या बिल्डिंगमागच्या गल्लीत काय आहे, हे तिला माहीत नाही.

खरं सांगू? मलाही नाही. तुम्हाला आहे?