कडीतली निंबाची काडी

मी गाव सोडलं त्या सकाळी टेम्पोत गादी, कपाट आणि शिलाई मशीन चढवून झालं, तशी माय मला फाट्यापर्यंत सोडायला निघाली. तिने दाराला कडी घातली, अंगणातल्या निंबाची काडी मोडून कोयंड्यात खोचली आणि चालू लागली. "माय, कुलूप तरी लाव," मी म्हणाले. "कुलूप गाव सोडून जानारे लावतेत. मी तर आत्ता माघारी येते," ती म्हणाली.

आमच्या फुलंब्रीकडच्या गावात सगळ्यांचंच असं होतं. कडीत काडी दिसली की समजायचं, घरात कोणी नाही, शेतात गेलेत. चोराला याहून सोपं आवतण कोणतं, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही. ते संभाजीनगरात आल्यावर आलं. आमच्या फ्लॅटला आधी सेफ्टी डोअर, मग लॅच, मग आतून दोन बोल्ट. पाहुण्यांना घेऊन वेरूळला निघालं, तरी दार नीट लागलं का हा घोर दौलताबादच्या घाटापर्यंत पुरतो.

वडील गेले, माय एकटी राहिली, तेव्हा हा घोर मी तिच्याही दाराला बसवला. सुतार बोलावून लॅच लावून घेतलं. दिवसभर सताड उघडं असणारं दार आता ओढलं की बंद. तरी बाहेर जाताना माय कडीत काडी खोचायचीच. "एवढ्या भारी लॅचला काडीचा आधार," म्हणून मी तिला चिडवायचे.

गेल्या थंडीत शेजारच्या शकूमावशीचा फोन आला.

"तुजी माय तुज्याकडं आलीय व्हय?"

"नाही."

"मंग ती घरातच हाय बाई. कालपासून दार बंद हाय, आमाला वाटलं लेकीकडं गेली. पर आत्ता बघितलं तर कडीत काडीच नाय. हाका मारल्या, ओ देईना. दार तोडू का?"

तोडा, म्हणाले. दोन दिवस मायला फोनही केला नव्हता मी, कामाचं निमित्त होतं. पोचले तेव्हा ती तापाने फणफणत शकूमावशीच्या मांडीवर पडलेली. न्यूमोनिया निघाला. डॉक्टर मला म्हणाले, वेळेवर आणलंत. मी तर तिला कोंडून ठेवलं होतं.

अजून आठवलं की मी थक्क होते. सुतार येऊन बसवून गेलेल्या लॅचला जे सांगता आलं नाही, ते कडीत नसलेल्या एका काडीने सांगितलं. आणि ते कळायला रोज त्या दाराकडे बघणारी एक बाई लागली. माय बरी झाली. दाराला पुन्हा नुसती कडी आहे आणि लॅचच्या भोकात तिने चिंधी कोंबली आहे.

माझ्यासारखे तुम्हीही गाव सोडून आला असाल, तर सांगा, तुमच्या दाराकडे असं कोण बघतं? माझ्या दाराकडे तर कोणीच बघत नव्हतं. सहा वर्षांत समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंचं नावही मी विचारलं नव्हतं. परवा त्यांची बेल वाजवली, नाव विचारलं आणि माझ्या घराची दुसरी किल्ली त्यांच्या हातात दिली.

"बाहेरगावी चाललात का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले, "घरीच आहे."