वासराचा चीक, लेकराचा चीक

माझं पहिलं पोरगं हगवणीनं गेलं, बारसं व्हायच्या आधीच. पूर्णेकाठच्या आमच्या गावावर तेव्हा निजामाचं राज्य होतं, आणि हिंगोलीचा दवाखाना बैलगाडीनं दिवसभराच्या वाटेवर. म्हणून दुसऱ्या खेपेला लेक झाली तेव्हा आनंद कसला, नुसती भीती.

बाळंतिणीचं पहिलं पिवळं, घट्ट दूध, म्हणजे चीक, आमच्याकडं नासका समजत. तो पिळून मातीत टाकायचा आणि लेकराला कापसाच्या बोळ्यानं गुळाचं पाणी द्यायचं. पहिल्याला हेच केलं होतं. आताही सासूबाई वाटी घेऊन बाजेशी बसल्या. त्यांना मी आत्याबाई म्हणायची.

तेवढ्यात गोठ्यातून गड्यानं विचारलं, "गाय व्यालीय, खरवसाला चीक काढू का?"

"आधी वासराला पाज," आत्याबाई तिथूनच कडाडल्या. "चीक न्हाई भेटला तर ढाळ लागून मरंल ते."

माझं डोकंच सणकलं. "वासराला पाहिजे, मंग माझ्या लेकराला काहून न्हाई?"

"जनावराचं येगळं, माणसाचं येगळं. पिळ."

"न्हाई पिळत," मी म्हणाले, अन् लेकीला छातीशी लावलं.

"काही झालं तर तुझ्या माथी," म्हणून त्या उठून गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपट्यावर हिरवट डाग दिसले. पहिल्याचंही असंच सुरू झालं होतं. आत्याबाई दारात उभ्या राहून बघून गेल्या. मी घाबरले होते, खोटं कशाला सांगू. हट्टापायी मीच लेकीला मारून राहिले की काय, असं वाटत होतं. तरी पाजत राहिले. हळूहळू डाग पिवळे झाले, आणि लेक भुकेनं घर डोक्यावर घेऊन रडायला लागली.

तीच लेक पुढं नर्स झाली. एकदा तिनं समजावलं, आतड्याला आतून पेशींचं एकच पातळ अस्तर असतं. काय आत घ्यायचं अन् काय अडवायचं, हे तेच बघतं. अंगावर बुळबुळीत थर पसरून जंतू दूर ठेवतं, आतल्या राखणदार पेशींना सावध करतं. नव्या लेकराचं अस्तर कच्चं असतं, तोवर चीकच राखण करतो.

म्हाताऱ्या आत्याबाई कान देऊन ऐकत होत्या. एक माझा नवरा सोडला तर त्यांचीही लेकरं एकामागून एक तान्हीच गेलेली.

"वासरू मी एकबी मरू दिलं न्हाई," त्या म्हणाल्या, आणि तोंडाला पदर लावून बसल्या.