काळी मूठ

आज कुकरची काळी मूठ गॅसवर करपली आणि औषधासारखा उग्र वास घरभर झाला. नात मोबाइलवर वाचून म्हणाली, "आजी, हे बेकलाइट. बेल्जियममध्ये जन्मलेल्या एका शास्त्रज्ञानं शोधलंय. यातून करंट जात नाही."

मला एकदम नव्वदच्या सुमाराची, सणसर गावची आमची विहीर दिसली.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मोटारीच्या मेन स्विचची अशीच काळी मूठ फुटून नुसता लोखंडी दांडा उरला होता आणि पेटीला करंट उतरायचा. भर दुपारी लाईट आली, उसाला पाणी द्यायचं होतं. घरातले पुरुष कारखान्यावर गेलेले. माझ्या सासूबाई, आत्याबाई म्हणायचे मी त्यांना, अनवाणीच चिखलात उभ्या राहिल्या. त्यांनी बांधाकडचा हिरवा ऊस मोडला आणि त्याच टिपरानं दांडा वर ढकलायला निघाल्या.

मोडल्या टोकातून रस ठिबकत होता. तो बघितला आणि मी मागून त्यांच्या कमरेला मिठी मारली, ओढलं. दोघी चिखलात पडलो.

"सासूला पाडतीस व्हय गं?"

"आत्याबाई, ऊस वला हाय."

त्यांनी टिपराकडं बघितलं. मग माझा हात धरला.

दुसऱ्या दिवशी नवी मूठ बसली. तरी मोटार लावताना त्या एका हातानं मूठ धरायच्या आणि दुसऱ्या हातानं माझं मनगट.

आज करपलेली मूठ काढताना अंगावर काटा आला. ऊस लोखंडाला टेकला असता, तर त्या मिठीत आम्ही दोघीही गेलो असतो. तेव्हा मात्र मी भ्याले होते, ते फक्त त्यांच्यासाठी.