एसी मेकॅनिकवरचा आळ

दोहातली ती चौकशी अजून मनातून गेलेली नाही. पोलीस निरीक्षक म्हणून निवृत्त झालो आणि मुलाकडे कतारला आलो. रिकामं बसणं माझ्या स्वभावात नाही. विम्याच्या दाव्यांची चौकशी करणाऱ्या एका कंपनीने विचारलं, मी लगेच हो म्हटलं.

अल थुमामा भागातल्या एका फ्लॅटला आग लागली होती. घरात कोणी नव्हतं, पण हॉल जळून खाक झाला. भाडेकरू पुण्याचा इंजिनिअर. घरमालकाची अटच होती: स्वतःच्या सामानाचा आणि आपल्या हातून इमारतीचं नुकसान झालं तर त्याचाही विमा काढा, मगच किल्ली मिळेल. दाव्यात कारण लिहिलं होतं, एसीतलं शॉर्टसर्किट. आदल्याच दिवशी मेकॅनिक सर्व्हिसिंग करून गेला होता. अग्निशमनवाल्यांना कारण नक्की सांगता आलं नव्हतं.

मी आधी मेकॅनिकला गाठलं. रत्नागिरीकडचा मुसलमान माणूस, इंडस्ट्रियल एरियात कंपनीच्या खोलीत राहायचा. त्याला कामावरून दूर केलं होतं आणि मायदेशी पाठवायचं ठरलं होतं. मराठी ऐकल्यावर त्याला भरून आलं. "साहेब, वायरीला मी हातच नाय लावला. जाळी धुतली फक्त." खोटं बोलणारा तपशिलांचा पाऊस पाडतो, हा माझा अनुभव. याचं सांगणं एवढ्यातच संपलं.

इंजिनिअरचं कुटुंब त्याच बिल्डिंगमध्ये मित्राकडे राहत होतं. मी गाडी लावत होतो, तेवढ्यात त्याची बायको मुलीला शाळेच्या बसमधून उतरवून घ्यायला खाली आली, तेही अनवाणी. डांबर तव्यासारखं तापलेलं, बिचारी टाचा उचलत चालत होती. नवरात्र चालू होतं, आणि आग लागली ती घट बसतात त्याच्या दुसऱ्याच दिवशी. नऊ दिवस चपला सोडणाऱ्या बायका माझ्याही घरात आहेत. म्हटलं, ही एवढं कडक पाळते तर हिच्याकडे घट बसलेच असणार, आणि घट आले की अखंड दिवा आलाच. दाव्यात मात्र दिव्याचं नावही नव्हतं.

वर चहा झाला. मी तिला विचारलं, घट बसवले होते का. उत्तर नवऱ्याने दिलं, की इथे कुठे जमतं! प्रश्न एकाला आणि उत्तर दुसऱ्याचं आलं की पोलिसाने तिथेच ठाण मांडावं. मी मेकॅनिकची हकिगत सांगितली. त्याची नोकरी चालली आहे हे त्या दोघांनाही माहीत नव्हतं.

"काका, दिवा तेवत ठेवूनच आम्ही बाहेर गेलो होतो," ती म्हणाली. "अखंड दिवा, विझवणार कसा? आमच्या सामानाला विमा आहे. त्या माणसाच्या नोकरीला कुठला विमा आहे?"

मग नवऱ्यानेही सगळं सांगितलं. भाडेकरारात उघडी ज्योत लावायला मनाई होती. दिव्याचा उल्लेख केला तर दावा बुडेल आणि मालकाचं नुकसान आपल्या डोक्यावर येईल, अशी त्याला धास्ती होती. मला संताप आला. म्हटलं, अहो, माणसाच्या हातून चूक होते म्हणूनच तर विमा असतो. चूक एक वेळ पदरात घेतील, खोटा जबाब घेणार नाहीत.

त्याने नवीन जबाब लिहून दिला. कुरकुर करत का होईना, विमा कंपनीने तो स्वीकारला, आणि मी त्याची प्रत पाठवल्यावर मेकॅनिकला मायदेशी पाठवणंही थांबलं. खलास, सुटलो, असं त्याला वाटलं. मी म्हटलं, अजून नाही. यल्ला, चला, गाडी काढा.

खोलीवर मेकॅनिकने इंजिनिअरची माफी ऐकून घेतली, पण हात पुढे केला नाही. "काम चुकलं म्हणून परत येतोय, असं आईला सांगून बसलोय मी. ती लाजेने घराबाहेर पडत नाय. आता तिला तुम्हीच सांगा." त्याने फोन लावून स्पीकर चालू केला.

"मावशी, तुमच्या मुलाने काम चोख केलं होतं," इंजिनिअर म्हणाला. "आग आमच्या दिव्याने लागली. खोटं मी बोललो."

पलीकडून म्हातारीने विचारलं, "बाबा, घरात कोणाला भाजलं नाय ना?"

इंजिनिअरने फोन माझ्यापुढे सरकवला. सगळे सुखरूप आहेत, असं मीच सांगितलं.

माणूस लोभापायी खोटं बोलतो, अशी नोकरीभर माझी समजूत होती. सरळमार्गी माणूस भीतीपोटी बोलतो, आणि ते खोटं कोणाच्या अंगावर पडतं तेही बघत नाही. तेव्हापासून दावा हातात आला की नुकसान किती, हे मी नंतर विचारतो. आधी विचारतो, आळ कोणावर घातलाय?